दुखायच्या आत थांबायचं

४ जून

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे बरे आहोत. तुझ्या आईचा रक्तदाब औषधांचं ऐकतो, माझा गुडघा कुणाचंच ऐकत नाही. मागच्या खोलीला रंग दिला. आईने निवडलेला रंग डब्यावर फिकट निळा होता, भिंतीवर तो थेट दवाखान्याचा दिसतो. हे तिला सांगायचं धाडस मी अजून गोळा करतो आहे.

माझं पत्र पाहून दचकली असशील. वाईट बातमी नाही. फोनवर आपलं बोलणं 'कशी आहेस' आणि 'आईला देतो' एवढ्यातच आटोपतं, आणि मला जे विचारायचंय ते त्यात मावणारं नाही. म्हणून कागद घेतला.

झालं असं, की कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी मला गाठलं. म्हणाल्या, "सर, चारचौघांत बोलायला घाबरणारी माणसं फार आहेत. मोठी माणसं, नोकरीधंद्याची. त्यांच्यासाठी वर्ग घ्याल का? शनिवारी दुपारी वरची खोली रिकामी असते." निवृत्तीला अकरा वर्षं झाली, तरी 'सर' म्हणून कुणी हाक मारली की माझी पाठ अजून ताठ होते. मी लगेच हो म्हणालो. घरी येऊन माळ्यावरची माझी फाईल काढली. 'वक्तृत्वाचे बारा सोपान.' पहिला सोपान उभं राहणं, दुसरा आवाज, तिसरा हातवारे, वगैरे. तुला ती फाईल आठवत असेल. असो.

पहिल्या शनिवारी अकरा जण आले. मी टेबल बाजूला सारलं, जागा मोकळी केली आणि म्हणालो, "घाबरायचं काही कारण नाही. एकेकाने पुढे यायचं, ताठ उभं राहायचं, दोन मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं." एका हॉस्पिटलमधल्या सिस्टर दोन वाक्यं बोलल्या, पांढऱ्याफटक पडल्या आणि "आलेच" म्हणून बाहेर गेल्या त्या आल्याच नाहीत. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एक बाई पुढे येऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "निदान नाव तरी सांगा." त्यांच्या तोंडून तेही निघेना. दुसऱ्या शनिवारी पाच जण होते. तिसऱ्या शनिवारी दोन, आणि त्यातला एक पुस्तक परत करायला आला होता.

उरलेला दुसरा म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा एक चाळिशीचा माणूस. मी खुर्च्या आवरायला लागलो, तर तोही आवरायला आला. म्हणाला, "सर, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"सांगा ना."

"लिफ्ट मध्येच अडकली ना, की लोक बाहेरून ओरडतात, घाबरू नका, घाबरू नका. त्याने आतला माणूस जास्तच घाबरतो. मी तसं कधी म्हणत नाही. मी विचारतो, आत दिवा चालू आहे का? किती जण आहात? वरची फट दिसते का? उत्तर देता येईल असंच विचारायचं. एकदा उत्तर दिलं की माणूस भानावर येतो."

"बरं, मग?"

"पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, घाबरायचं कारण नाही. तेव्हाच मी ओळखलं, आता आपण दोन मजल्यांच्या मध्ये."

घरी येऊन आईला हे सांगितलं तर ती इतकी हसली, की तिच्या हातातला चहा बशीत सांडला. मला मात्र हसू आलं नाही. चाळीस वर्षं मी मुलांना बोलायला शिकवलं, चषक आणले, आणि या वयात एक लिफ्टवाला मला सांगतो की माझी सुरुवातच चुकली. वाईट याचं वाटलं, की मला ते पटलं.

म्हणून तुला विचारतो. तू पडलेल्या, मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवतेस. कुणी तरुण असेल, कुणी म्हातारं, कुणाचा पाय नवा बसवलेला, कुणाचा धीरच मोडलेला. त्या सगळ्यांना एकच बारा सोपान तर तू देत नसशील. मग काय करतेस? पहिल्या दिवशी पहिलं काय विचारतेस?

उत्तर सवडीने दे. नाही दिलंस तरी मी समजून घेईन.

तुझे बाबा


१३ जुलै

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. सहा ओळी. मी त्या आईला वाचून दाखवल्या, मग तिने स्वतः वाचल्या, मग चष्मा पुसून पुन्हा वाचल्या.

'पेशंटला आधी विचारायचं, कुठवर जायचंय. कुणाला संडासापर्यंत जायचं असतं, कुणाला बाजारापर्यंत. तेवढंच ध्येय ठेवायचं. रोजचा व्यायाम पेशंटच्या दिवसाप्रमाणे बदलायचा, वहीप्रमाणे नाही. आणि दुखायच्या आत थांबायचं. एकदा जोरात दुखलं की पेशंट पुन्हा त्या पायावर भार देत नाही.'

हे मी वाचनालयातल्या कपाटाच्या दारावर खडूने लिहून ठेवलं आहे. ग्रंथपालबाईंनी विचारलं, कुणाचं वाक्य? मी म्हणालो, एका तज्ज्ञांचं.

तर आता काय केलं ते ऐक. बारा सोपान मोडीत काढले. लिफ्टवाल्याला हाताशी धरलं. आधी आम्ही दोघं सोडून गेलेल्यांच्या दारी गेलो. होय, मी गेलो, गुडघ्यासकट, एकेक जिना चढून. प्रत्येकाला एकच विचारलं, "तुम्हाला कुठे बोलायचंय?"

सिस्टर म्हणाल्या, "सकाळी डॉक्टरांचा राउंड असतो. सात-आठ जण पलंगाभोवती उभे असतात. मला त्यांच्यात 'एक मिनिट' म्हणता यायला हवं. एका आजोबांच्या पायाला सूज होती, मला ती दिसली होती. मी बोलले नाही. दुपारी दुसऱ्या सिस्टरने सांगितलं, म्हणून निभावलं." हे सांगताना त्या खाली बघत होत्या.

लिफ्टवाल्याला इमारतींमधल्या सभांत बोलायचंय. लिफ्ट का बंद ठेवायची हे त्याला ठाऊक असतं, पण बोलतो त्याचा साहेब, आणि साहेबाने लिफ्टचं पोट कधी उघडून पाहिलेलं नाही.

आणि गणवेश शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मला कुठेच भाषण करायचं नाही हो. बँकेत खिडकीपलीकडचा माणूस नाव विचारतो, तेव्हा आवाज निघाला म्हणजे झालं." मुंगी, हेच तुझं संडासापर्यंतचं चालणं. मी यांना स्वागतपर भाषणाचे पाच प्रकार शिकवणार होतो!

सोपानांच्या जागी आता सुटी कार्डं आहेत. त्यांना क्रमांक नाहीत, ज्याला जे हवं ते त्याने उचलावं. एका कार्डावर लिहिलंय, 'खिडकीकडे तोंड करून आज सकाळी काय केलं ते सांगा.' दुसऱ्यावर, 'कामाचं हत्यार हातात घ्या आणि ते कसं वापरतात ते सांगा.' तिसऱ्यावर, 'बसल्या बसल्या तीन वाक्यं.' एक कार्ड असंही आहे, 'ऐकणारा मध्येच उठून जाईल, तरी बोलत राहा.' ते अजून कुणी उचललेलं नाही. कुणाला उभं राहायचं असेल तर राहावं, नसेल तर नाही. शनिवार चुकला तर काही बुडत नाही. सिस्टरांची पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणून त्या मंगळवारी कामावर जाण्याआधी येतात आणि वाचनालयाच्या पायरीवर बसून मला अर्धा तास 'एक मिनिट' म्हणून अडवतात. मी डॉक्टर होतो. माझ्याकडून त्या भूमिकेत जरा जास्तच खेकसणं होतं, असं त्यांचं म्हणणं.

एक नियम मात्र सगळ्यांना आहे. बोलणाऱ्याने हात वर केला की तो थांबला. का, म्हणून विचारायचं नाही. पुढचा शब्द सुचवायचा नाही. 'शाबास'सुद्धा म्हणायचं नाही. आपल्याला काय ऐकू आलं, तेवढंच सांगायचं.

शिवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "कपाटाच्या मागे उभं राहून बोललं तर चालेल का?" आम्ही म्हटलं, चालेल की. त्या नकाशांच्या कपाटामागे गेल्या. मिनिटभर काही नाही. मग असा खणखणीत आवाज आला, की खाली वर्तमानपत्र वाचणारे दोन गृहस्थ वर बघायला आले. आयुष्यभर मशिनच्या घरघरीवरून बोलायची सवय! आवाज होताच, मुंगी. नजरांनी तो गिळला होता.

आता नऊ जण येतात. सगळ्यात मठ्ठ विद्यार्थी मीच. कुणी अडखळलं की माझी जीभ शिवशिवते, पुढचा शब्द ओठावर येतो. लिफ्टवाल्याने त्यावर तोडगा काढला. कुणीही बोलायला लागलं, की माझ्या तोंडात पेपरमिंटची गोळी. आई म्हणते, "लग्नानंतर लगेच हा वर्ग निघाला असता तर बरं झालं असतं."

समोरचा थांबला तर त्याला थांबू द्यायचं, हे मला कधी जमलं नाही. तुला हे माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

तुझी ती शेवटची ओळ दारावर लिहिताना खडू मोडला. आधी मला वाटलं, तू पेशंटांबद्दलच लिहिलं आहेस. रात्रंदिवस डोक्यात तेच आहे, आणि आता वाटतं, नसेलही.

असो. खिडकीतल्या कुंड्यांना आईने नवी माती घातली. तुझी तब्येत सांभाळ. पेशंटांना उचलताना कमरेची काळजी घे, हे मी तुला सांगायचं म्हणजे... पण बाप आहे, सांगतो.

तुझे बाबा


२४ ऑगस्ट

मुंगी,

आज आधी सगळी बातमी देतो. मग जे लिहायचं टाळतो आहे ते लिहितो. हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीच्या दोन्ही वेळी बातमी संपली आणि 'असो' म्हणून मी सही करून मोकळा झालो. दोन्ही कागद फाडले.

गेल्या बुधवारी लिफ्टवाल्याची सभा होती. नऊ मजली इमारत, तीन आठवडे लिफ्ट बंद राहणार म्हणून रहिवासी चिडलेले. त्याने साहेबाला सांगितलं होतं, या वेळी मी बोलतो. मी मागच्या रांगेत जाऊन बसलो. त्याच्या हातात लोखंडी दोराचा वीतभर तुकडा होता. म्हणाला, "हा तुमच्या लिफ्टचा दोर. बाहेरून चांगला दिसतो. पण त्यावरून कापड फिरवलं की तुटलेल्या तारा कापडात अडकतात." त्याने रुमाल फिरवला. रुमाल अडकला. पहिल्या रांगेतले लोक पुढे वाकले.

आणि तिथे तो थांबला.

पुढचं वाक्य मला पाठ होतं, कारण ते मीच लिहून दिलं होतं: 'तस्मात् सुरक्षिततेच्या दृष्टीने लिफ्ट बंद ठेवणे अत्यावश्यक आहे.' तो दोराकडे बघत उभा. कुणीतरी खोकलं. मी खिसे चाचपले, गोळी नव्हती. माझं तोंड उघडलं होतं, मुंगी. 'तस्मात्'चा 'त' टाळूला लागला होता. मी दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरली आणि तोंड मिटलं.

मग तो म्हणाला, "माझी आई तुमच्या सातव्या मजल्यावर राहत असती ना, तर मी तिला तीन आठवडे जिनाच चढायला लावला असता. तिच्या पिशव्या मी वाहिल्या असत्या, पण या दोरावर तिला सोडलं नसतं."

मग एक आजीबाई म्हणाल्या, "मी सातव्यावरच राहते. माझ्या पिशव्यांचं काय?" तो म्हणाला, "सकाळी नऊला येतो, तेव्हा घेऊन जाईन." लोक हसले आणि विषय संपला. माझ्या 'तस्मात्'ने हे झालं असतं का? तो अडखळला नव्हताच. तो खरं वाक्य शोधत होता, आणि मी माझं खोटं वाक्य त्याच्या तोंडात कोंबणार होतो.

शनिवारी वर्गात यावरच बोलणं चाललं होतं. तेव्हा शिवणाऱ्या बाई, आता त्या कपाटाच्या पुढे बसतात, मला म्हणाल्या, "सर, तुम्ही सगळ्यांना विचारलंत, कुठे बोलायचंय. तुमचं राहिलंच की."

मी म्हणालो, "माझं काय! मी चाळीस वर्षं बोलतोच आहे."

"ते शिकवणं झालं," त्या म्हणाल्या.

कुणी काही बोलेना. नियमच आहे तसा, मीच केलेला. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "माझ्या मुलीशी."

लिफ्टवाल्याने खुर्ची पुढे सरकवली. "बसून चालेल," म्हणाला. मी बसलो आणि सांगितलं. तिथे सांगितलं तेच तुला लिहितो. ते तुझंच आहे, खरं तर तुलाच आधी सांगायला हवं होतं.

तू नऊ वर्षांची होतीस. शाळेची वक्तृत्व स्पर्धा, विषय 'पाणी'. भाषण मी लिहिलेलं, हातवारे मी बसवलेले, फ्रॉकसुद्धा मी निवडलेला. तीन वाक्यं तू छान म्हणालीस आणि चौथ्याच्या आधी थांबलीस. मी पडद्याआडून शब्द सुचवला. पुन्हा सुचवला. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने, की पहिल्या रांगेला ऐकू गेला. तू श्रोत्यांकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागलीस. मग मी रंगमंचावर आलो आणि म्हणालो, "आठवेपर्यंत खाली यायचं नाही." सभागृहातल्या घड्याळात सात मिनिटं झाली. मी घड्याळ बघत होतो. तुझ्याकडे नाही. तुझा फ्रॉक ओला झाला, पायांपाशी लाकडी फळ्यांवर ओघळ आला, आणि मी, तुझ्या बापाने, माईक हातात घेऊन म्हटलं, "विषय पाण्याचा होता, वक्त्याने प्रात्यक्षिकच करून दाखवलं."

सगळं सभागृह हसलं. मला वाटलं, मी वेळ मारून नेली.

वर्गात सांगताना मी इथे हात वर केला. कुणी का म्हणून विचारलं नाही. खालच्या रस्त्यावर एक गाडी मागे घेतानाचा आवाज येत होता, तो सगळ्यांनी ऐकला. मग मी हात खाली केला आणि उरलेलं सांगितलं.

उरलेलं त्याहून वाईट आहे. सतरा वर्षं मी तो किस्सा सांगत राहिलो. पाहुण्यांना, शिक्षकांना, तुझ्या मावशीच्या घरी, प्रत्येक जेवणावळीत. लोक हसायचे, तू ताट घेऊन आत जायचीस. मी म्हणायचो, पोरगी लाजाळू आहे. मग तू त्याला पहिल्यांदा घरी आणलंस, ज्याच्याशी तुला लग्न करायचं होतं, आणि मी त्यालाही तो किस्सा सांगितला. तू चमचा खाली ठेवलास आणि उठलीस. आई जिन्यापर्यंत तुझ्या मागे धावली. मी टेबलावरूनच म्हणालो, "एवढंसं काय ते!"

त्याला बारा वर्षं झाली.

वर्गात ही गोष्ट मी पहिल्यांदा विनोद न करता सांगितली. कुणी हसलं नाही. लोक हसत नाहीत असं पाहिलं, तेव्हा मला ती गोष्ट ऐकू आली.

मुंगी, माझं चुकलं. त्या दिवशी चुकलं आणि नंतर दर वेळी चुकलं. क्षमा कर असं लिहीत नाही, कारण ते पुन्हा तुला काहीतरी करायला सांगणं होईल. तू काहीच करायला नकोस.

आईने मला सांगितलं, की तुला विभागप्रमुख करायला निघालेत आणि तू नाही म्हणते आहेस, कारण दर आठवड्याला साऱ्या विभागासमोर बोलावं लागेल. हे मला सांगितलं म्हणून तिच्यावर रागावू नकोस. हो म्हण की नाही म्हण, मी सल्ला देणार नाही. फक्त एक गोष्ट माझ्याकडून तुला कळायला हवी. ती भीती तू जन्माला येताना आणलेली नाहीस. नवव्या वर्षापर्यंत तू बाजारात सुद्धा दुकानदारांशी वाद घालायचीस. ती भीती मी दिली. तुझ्यात काही कमी नव्हतं.

हे पत्र आज संध्याकाळीच पेटीत टाकतो, म्हणजे फाडता येणार नाही.

बाबा


१९ सप्टेंबर

मुंगी,

काल फोन आईने उचलला, आणि 'तुमच्याशीच बोलायचंय म्हणते' म्हणत माझ्या हातात दिला. तिने तो असा दिला, जसा काठोकाठ भरलेला पेला द्यावा.

तू म्हणालीस, "बाबा, पत्र मिळालं. मी बोलते, तुम्ही ऐका." आणि चाळीस मिनिटं तू बोललीस. मी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. खरं सांगतो, हे मी करू शकेन असं मला स्वतःलाच वाटत नव्हतं.

तू म्हणालीस की राग अजून आहे आणि तो पत्रांनी जाणारा नाही. तुझं बोलून झाल्यावर मी 'असू दे' म्हणालो, ते तोंडदेखलं नव्हतं. त्या रागावर तुझा हक्क आहे. तू म्हणालीस की त्या दिवशी ओल्या मोज्यांनी तू एकटी घरी चालत गेलीस, कारण मी बक्षीस समारंभासाठी थांबलो होतो. हे मला माहीतच नव्हतं. सतरा वर्षं मी जो किस्सा सांगत होतो, त्यात तू घरी कशी गेलीस याचा मला पत्ताच नव्हता.

आणि मग तू ते सांगितलंस, ज्यामुळे मी काल जेवलो नाही.

"मी विसरले नव्हते बाबा. चौथं वाक्य मोठं होतं. मी फक्त श्वास घेत होते."

श्वास. एवढंच होतं ते. मी तो घेऊ दिला असता, तर तू पुढे बोलली असतीस, भाषण संपलं असतं, आपण दोघं मिळून घरी आलो असतो. हे मी आज वर्गात सांगितलं, तेव्हा सिस्टर उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. परवा राउंडला त्यांनी 'एक मिनिट' म्हटलं. डॉक्टर थांबले, त्यांनी ऐकलं, औषध बदललं आणि पुढच्या पलंगाकडे गेले. त्या म्हणाल्या, "एवढंच झालं, सर. काहीच झालं नाही. मी इतकी वर्षं कशाला घाबरत होते?" शिवणाऱ्या बाई बँकेत जाऊन आल्या. त्यांनी नाव सांगितलं, तर खिडकीपलीकडचा म्हणाला, "बाई, हळू बोला." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी कुठल्या चषकवाल्या मुलाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही.

फोनवर शेवटी तू म्हणालीस, "आणि एक सांगू का? ते भाषण फार रटाळ होतं." मी हसलो. तूही हसलीस. हसता हसता मला रडू आलं, आणि आई स्वयंपाकघरातून धावत आली, की काय झालं. मी तिला म्हटलं, पोरगी खरं बोलते आहे.

विभागप्रमुखपद तू तीन महिन्यांसाठी घेऊन बघणार आहेस. लोकांना पाच-पाच जणांच्या गटात भेटणार, आणि बसूनच. "हे माझं मी ठरवलंय, तुमच्या वर्गाने नाही," असं तू बजावलंस. बजावलंस ते बरं केलंस. मी ते वर्गाच्या नावावर खपवलं असतं. वर्गाला मी एवढंच सांगितलं, की एका तज्ज्ञांनी आपलं काम सुरू केलंय.

महिनाअखेरीस दोन दिवस येतेस, हे आईने शेजारच्या तीन घरांत सांगूनही झालं. मी कुणाला सांगितलेलं नाही. स्टेशनवर यायची माझी फार इच्छा आहे, पण गाडीतून उतरल्या उतरल्या समोर मी नको असेन, तर तसं कळव. मी घरी थांबेन. शनिवारी वर्ग आहे. आलीस तर मागच्या खुर्चीवर बस, ऐक, मधेच उठून जायचं तर जा. तू माझी मुलगी आहेस हे कुणाला सांगायचं की नाही, तेही तूच ठरव.

आता मी वाट बघतो. घाई नाही.

तू सांगशील तसा वागणारा,
तुझा बाबा